अशासकीय सदस्य कसा निवडावा

तुमच्या टेबलावर सोमवारी एक फाइल येईल. जाड, कोपरे वाकलेली, पांढऱ्या नाडीने बांधलेली. विषय: 'वारसा संवर्धन समितीची पुनर्रचना करणेबाबत'. बावीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं. निरोपसमारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तुम्हाला ही फाइल मिळते आहे. घड्याळ बंद पडलं तर सेल बदलता येतो. फाइलचं तसं नसतं, म्हणून घरी बसल्या बसल्या चार गोष्टी लिहून ठेवतो. आपल्या शहराचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते माहीतच आहे आणि इतरांना कळून काही उपयोग नाही.

फाइल तळापासून वाचा. वरची पानं 'स्मरणपत्र क्रमांक सात' छापाची असतात, मूळ मुद्दा खाली दबलेला असतो. अगदी तळाशी मुंबईच्या नियमांची एक पुसट झेरॉक्स सापडेल, तिला जपा. 21 एप्रिल 1995 रोजी मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 67 वा नियम आला आणि सहाशेच्या वर वास्तू आणि परिसर एका यादीत बसले. पुढे ज्या ज्या शहरांनी अशी समिती केली त्यांनी बहुधा याच झेरॉक्सची झेरॉक्स काढली. हे नियम आपोआप आले नाहीत. श्याम चैनानी आणि त्यांचा बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप यांनी त्यासाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षं चिकाटीने पाठपुरावा केला. म्हणजे या समित्यांच्या जन्माआधी असा एक नागरिक होता, ज्याला या कामासाठी कुणीच नेमलं नव्हतं. तुम्ही आता नागरिक नेमायला निघाला आहात, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या. टिप्पणीत मात्र लिहू नका.

पायरी पहिली: सल्ला म्हणजे काय ते समजून घ्या

लग्नाच्या घरात दोन प्रकारचे सल्ले घेतात. स्थळ बघताना मामाला विचारतात तो एक, आणि पत्रिका छापून आल्यावर आत्याला विचारतात तो दुसरा. वारसा समिती नियमाने मामा आहे. व्यवहारात तिला बहुतेक वेळा आत्याचा मान मिळतो. वाड्याची मागची भिंत उतरवून झालेली असते, सागवान ट्रकात चढलेलं असतं, आणि मग प्रस्ताव 'समितीच्या अभिप्रायार्थ' येतो.

समिती परवानगी देत नाही, ती फक्त शिफारस करते. परवानगी आयुक्त देतात. नवे सदस्य पहिल्या बैठकीला येतात तेव्हा त्यांना हे ठाऊक नसतं. ते इमारती वाचवायला आलेले असतात, डोळ्यांत चमक असते. दुसऱ्या बैठकीत एखादा विचारतो, "मागच्या वेळी आपण नाही म्हटलं होतं, त्याचं काय झालं?" त्या वेळी चहा मागवा.

पण झेरॉक्सवर एक वाक्य आहे, त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. आयुक्तांना समितीची शिफारस डावलायची असेल तर ती फक्त अपवादात्मक परिस्थितीत, कारणं लेखी नोंदवून डावलता येते. आणि लगेच पुढे: डावलण्याचा हा अधिकार त्यांना दुसऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. नवशिके या वाक्याला हसतात. म्हणतात, बघा, साहेब सगळी कामं खाली ढकलतात, डावलणं तेवढं स्वतःच्या हाताने करतात. मी या वाक्याला कधी हसलो नाही. अख्ख्या नियमात दात असलेलं हे एकच वाक्य आहे. तोंडी 'बघू' म्हणायला काही लागत नाही. पण 'नाही' लिहून खाली सही करायची, आणि का ते सांगायचं, तेही उद्या माहितीच्या अधिकारात कुणीही मागेल आणि परवा कोर्टात वाचून दाखवेल अशा कागदावर, म्हणजे पेन जड होतं. मी पाहिलं आहे. टोपण काढून पाच मिनिटं नुसतं धरून बसलेला हात मी पाहिला आहे.

तेव्हा अशासकीय सदस्य निवडताना हा निकष मनात धरा: हा माणूस समोरच्याला कारण लिहायला लावेल का? बाकी पदव्या, पुरस्कार, प्रकाशित पुस्तकं हे सगळं परिशिष्टात जातं.

पायरी दुसरी: खुर्च्या मोजा

मुंबईच्या नियमात खुर्च्या आखून दिलेल्या आहेत. अध्यक्ष म्हणजे शासनाने नेमलेला सचिव दर्जाचा अधिकारी, सेवेतला किंवा निवृत्त. मग संरचना अभियंता, वास्तुविशारद (त्यातला एक नागरी रचनेचा जाणकार आणि एक संवर्धनाचा), पर्यावरणाचा अभ्यासक, शहराचा इतिहासकार, वस्तुसंग्रहालयाचा प्रतिनिधी आणि पालिकेचे स्वतःचे अधिकारी. बाहेरच्या तज्ज्ञांना दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि तीन वर्षांनी ते बदलतात. पुन्हा नेमायला हरकत नाही.

न्यूयॉर्कमध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेशन 1963 मध्ये पाडायला घेतलं तेव्हा तिथले लोक हळहळले आणि 1965 साली त्यांनी वारसा आयोगाचा कायदा केला. अकरा सदस्य. त्यात निदान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार, एक नगररचनाकार किंवा उद्यानरचनाकार, शहराच्या पाचही विभागांतला प्रत्येकी निदान एक रहिवासी, आणि निदान एक जमीनजुमल्याच्या व्यवहारातला माणूस. कायद्यातच तसं लिहिलं आहे. आपल्याकडे कुणी म्हणेल, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मला मात्र त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. तिथे तो माणूस टेबलाशी, नावाच्या पाटीमागे बसतो आणि त्याचं मत इतिवृत्तात येतं. आपल्याकडे त्याला खुर्चीच नाही, त्यामुळे तो बाहेरच्या बाकावर बसतो, आणि बाकावर बसलेल्यांचं मत कुठे नोंदवायचं असा नमुना अजून निघालेला नाही.

रहिवाशाची खुर्ची मात्र आपल्या यादीत शोधू नका. अभियंता आहे, इतिहासकार आहे, संग्रहालयवाले आहेत. ज्याच्या डोक्यावर ते छप्पर गळतं तो नाही. हे मी पहिली पंधरा वर्षं लक्षातच घेतलं नव्हतं.

पायरी तिसरी: अर्ज चाळा

जाहिरात देताना 'वास्तुतज्ज्ञ' हा शब्द चुकूनही घालू नका. 'वास्तुविशारद' असंच लिहा. मी एकदा 'वास्तुतज्ज्ञ' लिहिलं आणि एकवीस अर्ज आले, त्यातले चौदा वास्तुशास्त्रवाले. त्यांच्यातल्या एकाने अर्जासोबतच सूचना जोडली होती की शहरातल्या एका सरदारवाड्याचा दिंडी दरवाजा दक्षिणेला उघडतो, तो तातडीने बुजवावा. मी त्यांना कळवलं की दरवाजा संरक्षित आहे, दक्षिणेचं बघू.

इतिहासकाराच्या जागेसाठी भरपूर उमेदवार येतात आणि बहुतेक चांगले असतात. मोडी वाचतात, रुमालांतल्या तारखा तोंडपाठ असतात, कुठल्या चौकात कुणाची पालखी अडली हे सांगतात. फक्त त्यांचं घड्याळ 1818 ला थांबलेलं असतं. पेशवाई बुडाली आणि शहरात त्यानंतर काही घडलंच नाही, अशा थाटात ते बोलतात. त्यांच्यासमोर 1935 ची, गोल गॅलरीची, वर जहाजाच्या कठड्यासारखा कठडा असलेली सिमेंटची इमारत ठेवा. 'ही कसली हेरिटेज?' असं म्हणाले तर खूण करून ठेवा. मुंबईत ओव्हल मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या दगडी गॉथिक इमारती आहेत, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोची भाड्याची घरं. 2018 मध्ये युनेस्कोने दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा मानल्या. त्या घरांच्या गॅलऱ्यांत अजूनही पंचे वाळत असतात.

अभियंता निवडताना सगळ्यात जास्त वेळ घ्या. बाकीचे सदस्य बोलतात, अभियंत्याच्या अहवालावर इमारत पडते. आपल्याकडचे बरेच अभियंते काँक्रीटवर वाढलेले. त्यांना चुना दिसला की तो अशक्तपणा वाटतो. त्यांना चुन्याबद्दल विचारायचं आहे, पण प्रश्न जपून टाका. 'आपल्याला चुना लावता येतो का?' असं मी एका ज्येष्ठ गृहस्थांना विचारलं होतं. त्यांचा अर्ज त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला.

नीट विचारायचं असेल तर असं विचारा: जुन्या चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर काय होतं? ज्याला ठाऊक आहे तो सांगेल की भिंत श्वास घेते असं आपण म्हणतो ते अगदीच काव्य नाही. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्यातूनच बाहेर पडते. सिमेंट तिची वाट बंद करतं, ओल आत कोंडते, क्षार वीट आतून खातात आणि चार पावसाळ्यांत गिलाव्यासकट विटांचा भुगा हातात येतो. मग तोच अभियंता 'वीटकाम निकामी' असा अहवाल देतो. पुढचा प्रश्न: घाणीत चुना मळताना काय घालायचं? गूळ, बेलफळाचं पाणी, उडदाचं पीठ, असं काहीतरी उत्तर आलं आणि सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर जेवणाची आठवण निघाल्यासारखा भाव आला तर त्याला सोडू नका. तिसरा प्रश्न कडीपाटाचा. तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक आधी कुजतं, मधला भाग शंभर वर्षं टणक राहतो. टोक कापून नवं जोडता येतं. ज्याला हे माहीत नाही तो टोक बघून अख्खा माळा उतरवायला सांगेल.

एकाच इमारतीबद्दल दोन अभियंत्यांचं दोन टोकांना मत जाऊ शकतं, यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. मुंबईत काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत बघा, आताची एस्प्लनेड मॅन्शन. इंग्लंडात ओतलेलं लोखंड जहाजाने आणून एकोणिसाव्या शतकात इथे उभी केली. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच, 7 जुलै 1896 रोजी. 2005 मध्ये तिचा एक भाग कोसळला, 2019 मध्ये ती रिकामी केली. पाडून टाकावी असा अहवाल आला, आणि दुरुस्त होईल असं छातीठोकपणे सांगणारे जाणकारही पुढे आले. दोघांनी बघितलेलं लोखंड एकच. एकाने ते किती गंजलं ते मोजलं, दुसऱ्याने किती उरलं ते. तुमच्या समितीत दुसरं मोजणारा निदान एक हवा.

शिफारसपत्रांबद्दल फार लिहीत नाही. एखाद्या अर्जावर 'विचार व्हावा' असा शेरा वरून आलेला असेल तर त्या अर्जदाराचा विचार होतोच. फक्त अशा सदस्याला अभियंत्याच्या किंवा इतिहासकाराच्या खुर्चीत बसवू नका, पर्यावरणाच्या खुर्चीत बसवा. पर्यावरण आपल्याकडे सगळ्यांनाच समजतं.

पायरी चौथी

(ही पायरी मानधन आणि प्रवासभत्त्याविषयी आहे. लेखा विभागाकडे अभिप्रायार्थ गेली आहे. परत आली की इथे जोडावी.)

पायरी पाचवी: सदस्यांना प्रतवारी शिकवा

पहिला दर्जा, दुसरा दर्जा, तिसरा दर्जा. दुसऱ्यात पुन्हा अ आणि ब. पहिल्या दर्जाच्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, बळकटीसाठी अगदीच लागला तर गोष्ट वेगळी. दुसऱ्यात आत फेरफार चालतात. तिसऱ्यात बरंच काही चालतं. नियमाने तिसऱ्या दर्जाची व्याख्या मोठ्या गोड शब्दांत केली आहे. या वास्तूंनाही महत्त्व आहे, पण दुसऱ्या दर्जाइतकं नाही. धाकट्या सुनेबद्दल सासू बोलते त्यातला सूर आहे हा.

दर्जा म्हणजे आकार नव्हे, हे सदस्यांना पटवायला मुंबईतल्या मैलाच्या दगडांचं उदाहरण द्या. इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजत ते रस्त्याच्या कडेला रोवले. ते पहिल्या दर्जाचा वारसा आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ज्या दर्जाचं, त्याच दर्जाचा हा दगड. टर्मिनससमोर लोक फोटो काढतात. दगड दर वेळी फुटपाथ उंच झाला की अर्धी वीत खाली गेला, काही तर पार गाडले गेले आणि नंतर खणून काढावे लागले. गाडणाऱ्या ठेकेदाराच्या मनात वारशाविषयी काही आकस नव्हता. त्याला फुटपाथ सपाट करायचा होता. आपल्या शहरातला बहुतेक वारसा असाच जातो, कुणाच्याही वैराशिवाय.

यादीत नाव घालायचं म्हटलं की हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि तिथे नव्या सदस्यांचा दुसरा भ्रमनिरास होतो. त्यांना वाटतं, लोक हार घेऊन येतील. 2012 साली मुंबईच्या यादीत मोठी भर घालायचं ठरलं तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनीच विरोध केला. सुशिक्षित, पुस्तकं वाचणारी, नाटकं बघणारी माणसं. सदस्यांना हे समजावून सांगा, नाहीतर ते लोकांना अडाणी ठरवून मोकळे होतात. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. महिन्याला जे भाडं येतं त्यात मालकाला एक कौल बदलता येत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, खर्च मी का करू? मालक म्हणतो, घर माझ्या ताब्यात नाही, मी तरी का करू? दोघांच्या मध्ये इमारत उभी असते आणि दोघांनाही सुटका दिसते ती पुनर्विकासात. तेवढ्यात आपण जाऊन सांगतो, अभिनंदन, तुमचं घर वारसा आहे. विकासाचा हक्क गमावल्याबद्दल मालकाला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्क, देण्याची तरतूद मुंबईच्या नियमात पहिल्यापासून आहे, पण तो हातात पडेपर्यंत नातू मोठा होतो. आणि भाडेकरूला काय मिळतं ते मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, त्यामुळे मीही शोधलं नाही.

पायरी सहावी: पदसिद्ध सदस्य

बैठकीला गणपूर्ती होवो न होवो, दोन सदस्य कायम हजर असतात. एक पाऊस आणि दुसरा पिंपळ. यांची नेमणूक लागत नाही, मुदत संपत नाही, भत्ता द्यावा लागत नाही. समिती एखाद्या वाड्याचा निर्णय दीड वर्ष पुढे ढकलते तेव्हा तिला वाटतं आपण काहीच ठरवलं नाही. या दोघांनी तोपर्यंत ठरवलेलं असतं. मालकही हे ओळखून असतो. पाडायची परवानगी मागून नकार घेण्यापेक्षा वरची चार कौलं काढून ठेवायची आणि मृगाची वाट बघायची, हे स्वस्त पडतं. 'धोकादायक' अशी नोटीस मग आपलंच दुसरं खातं लावतं. दोन खात्यांची कार्यालयं एकाच मजल्यावर आहेत. फाइल मात्र बारनिशीतून जाते.

पायरी सातवी: स्थळपाहणी

स्थळपाहणी सकाळी ठेवा, पावसाळ्यात ठेवा. उन्हाळ्यात सगळे वाडे सुंदर दिसतात.

शेवटच्या समितीबरोबर मी एका वाड्यावर गेलो होतो, पेठेतला, दोन चौकांचा, पुढचा चौक केव्हाच गेलेला. मालकाने वाडा यादीतून काढावा असा अर्ज दिला होता. ऑगस्ट होता. पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडलेली, माळवदाखाली पाणी झिरपत होतं, कोपऱ्यात हातभर उंचीचा पिंपळ. अभियंत्यांनी छत्रीच्या टोकाने भिंत ठोकली. ओसरीवर उभं राहून ते मला सांगू लागले आणि मी लिहू लागलो: 'दीर्घकालीन दुर्लक्षामुळे पश्चिमेकडील भिंत...'

"कुणाचं दुर्लक्ष?" जिन्यावरून आवाज आला.

पहिल्या मजल्यावरच्या आजी होत्या. लग्न होऊन या घरात आल्या त्याला एक्कावन्न वर्षं झालेली. एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी बसत उतरत होत्या.

"आजी, सावकाश," मी म्हटलं.

"सावकाशच चाललेय. तुम्ही लिहायची घाई करू नका."

त्यांचं म्हणणं असं होतं. पाणी भिंतीतून येत नाही, पन्हळीतून येतं. शेजारच्या घरावर पत्रा घातला तेव्हा त्याचा उतार इकडे काढला आणि दोन घरांचं पाणी एका पन्हळीत आलं. ती पालापाचोळ्याने तुंबते. त्या दर वर्षी मृगाआधी मागच्या खिडकीतून वाकून, खराट्याच्या काठीला वाकडी सळई बांधून, ती मोकळी करत. पिंपळाचं रोप दिसलं की त्याच सळईने उपटत. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वाकता येत नाही.

"म्हणून तो पिंपळ दोन वर्षांचा आहे," आजी म्हणाल्या. "हवं तर मोजा."

अभियंत्यांनी पिंपळाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. चांगला माणूस होता, मीच निवडला होता, बेलफळाचं उत्तर दिलेला. शिडी मागवून ते स्वतः वर चढले. खाली आले तेव्हा हातात कुजलेल्या पानांचा काळा गोळा होता. म्हणाले, "आधीचं खोडा."

मी खोडलं. पण पुढे काय लिहायचं? इतिवृत्तात सदस्यांचं म्हणणं येतं. आजी सदस्य नव्हत्या. मी लिहिलं: 'स्थानिक चौकशीअंती असे समजले की...' मसुदा वर गेला, खाली आला. समासात हिरव्या शाईत शेरा: 'कोणाकडून?' योग्यच शेरा. तेव्हा पहिल्यांदा मी नियमाची ती झेरॉक्स घेऊन आपल्या समितीच्या ठरावाशेजारी ठेवली आणि शब्द न् शब्द वाचला. आपल्या ठरावात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एक ओळ आहे: अध्यक्षांना आवश्यक वाटल्यास विशेष निमंत्रित म्हणून कोणासही बोलावता येईल. 'कोणासही.' अर्हता नाही, दहा वर्षांचा अनुभव नाही, सोबत जोडायची कागदपत्रं नाहीत. इतकी वर्षं आपण त्या ओळीवर मान्यवरांना बोलावून फोटो काढत आलो.

पुढच्या बैठकीला आजी आल्या. मालकाचे वकीलही आले होते. रिक्षाचं भाडं मी दिलं, ते अजून वसूल व्हायचं आहे. नमुन्यात 'पदनाम' असा रकाना होता, तिथे मी 'भाडेकरू, पहिला मजला' असं टंकलं. त्यांनी पन्हळीबद्दल सांगितलं ते सगळं त्यांच्या नावानिशी आलं, सळईसकट. समितीने शिफारस केली की वाडा यादीत राहावा आणि पन्हळ दुरुस्त व्हावी. आता वाडा यादीतून काढायचा असेल तर साहेबांना लेखी कारण द्यावं लागणार होतं, आणि ते कारण एका पन्हळीच्या पुढ्यात द्यावं लागणार होतं. फाइल वर गेली. महिन्याने खाली आली, 'चर्चा करावी' एवढाच शेरा घेऊन. पुन्हा वर गेली. पुन्हा 'चर्चा करावी'. सही कुठेच नाही.

सोमवारी येणाऱ्या फाइलीतलं पान 118 ते हेच. ती चर्चा अजून चालू आहे, म्हणजे वाडा अजून उभा आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव निविदेत अडकला आहे आणि त्याची वाट तुम्ही बघू नका. मृगाला सहा आठवडे उरलेत. मागच्या गल्लीतून खिडकी दिसते, सळई बांधलेली काठी आजींच्या दाराआड उभी आहे. कुणातरी उंच माणसाला पाठवा. तशी तरतूद कुठे नाही, खर्च 'किरकोळ व आकस्मिक' खाली टाका आणि सोबत माझी रिक्षाही लावून द्या, पावती फाइलीला टाचली आहे.